डोहाचा खुराक

आमच्या घरात मासा फक्त पुस्तकातून येत असे, आणि तेही पुस्तक आईच्या नजरेआड ठेवावं लागे. बी.एस्सी.ला असताना मी मासे चिरले, कल्ल्यांच्या आकृत्या काढून त्यांत लाल-निळे रंग भरले, काटे मोजले. पण ताटात वाढलेला मासा कसा दिसतो हे मला आजतागायत ठाऊक नाही. एवढ्या भांडवलावर मी कोल्हापुरात दोन वर्षं माशांचा जाणकार म्हणून मिरवलो. आपल्याकडे जाणकार व्हायला याहून जास्त काही लागत नाही.

संस्थान विलीन होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. मी एका हायस्कुलात शास्त्र शिकवत होतो. शाळा सुटली की नदीच्या काठानं वर फिरायला जायचा माझा नेम होता. शहर मागं पडलं की पंचगंगा एक वळण घेई आणि त्या वळणात एक डोह होता. काठावर देवीचं लहानसं देऊळ, त्याला उतरत्या दगडी पायऱ्या. डोहातले मासे देवीचे, म्हणून त्यांना कोणी हात लावत नसे. मंगळवारी-शुक्रवारी येणारी माणसं चुरमुरे, फुटाणे, कणकेच्या गोळ्या टाकत आणि हात-हात लांबीचे मासे पायरीला येऊन ते गट्ट करत. माणसांना पुण्य मिळे, माशांना फुटाणे. कोणाची काही तक्रार नव्हती.

डोहाच्या खालच्या तोंडाशी एक आडवा खडक होता. उन्हाळ्यात तो उघडा पडे आणि डोहाचं पाणी जागच्या जागी थांबून राही. पावसाळ्यात नदी त्याच्यावरून फेसाळत खाली जाई आणि तिच्याबरोबर डोहातले पुष्कळ मासे खाली उतरत. खडकाच्या खाली एका भोयाची हद्द होती. तो नाव चालवून माणसं पलीकडे सोडायचा आणि जाळं टाकायचा. त्याची बायको टोपली घेऊन बाजारात बसायची. 'वरचं देवीचं, खालचं आमचं' हा त्याच्या आजोबापासूनचा कायदा. खडकाच्या वर त्यानं आयुष्यात कधी गळसुद्धा टाकला नव्हता. पन्नाशीचा, काटक, बोलायला कमी. मी त्याला मामा म्हणायचो, तो मला मास्तर.

या सगळ्यात मी आणि विज्ञान शिरलो ते एका वस्तादांमुळे.

वस्ताद जवळच्या तालमीचे. त्यांच्या मते जगातली कुठलीही अडचण ही मुळात खुराकाची अडचण होती. पोरगा परीक्षेत नापास झाला, तर दूध कमी पडलं. सून माहेरी निघून गेली, तर तिला तूप वाढलं नाही. त्यांच्या पुतण्याला विषमज्वर झाला तेव्हा डॉक्टरांची पाठ वळताच त्यांनी त्याला बदामाची थंडाई पाजली होती. पोरगा त्यातूनही वाचला, त्यामुळे त्यांचा सिद्धांत पक्का झाला. हे वस्ताद एका संध्याकाळी पायरीवर बसून डोहाकडे बघत होते. शेजारी गुळाचे एक अडते होते, धार्मिक आणि वजनदार, दोन्ही अर्थांनी.

"मासं वाळल्यात," वस्ताद म्हणाले. "बरगड्या दिसाय लागल्यात."

माशाच्या बरगड्या बाहेरून दिसत नाहीत हे मला माहीत होतं, पण तालमीच्या माणसाशी बरगड्यांवरून वाद घालायचा नसतो.

"मास्तर, तुमी शिकल्यालं माणूस. मासा कशानं वाढतो सांगा की."

मला कोणी असा प्रश्न विचारला की माझा ताबा सुटायचा. वर्गातली पोरं मला कधी काही विचारत नसत. इथं दोन मोठी माणसं आणि मागं जमलेले दहा-बारा भक्त कान टवकारून बसले होते. मी उभाच राहिलो. म्हणालो, पाणी म्हणजे एक शेतच. शेतात जसं खत, तसं पाण्यात शेण, पेंड, काडीकचरा. ते कुजलं की त्यावर हिरवं बारीक शेवाळ वाढतं. ते खाऊन किडे वाढतात. किडे खाऊन मासे वाढतात. खत जास्त, तर शेवाळ जास्त. शेवाळ जास्त, तर मासा जास्त. यातला शब्द न् शब्द खरा होता. पुस्तकात तो डाव्या पानावर होता.

उजव्या पानावर पुढचं होतं. खत बेताबाहेर गेलं की ते कुजताना पाण्यातली हवा संपते. शेवाळ माजलं की रात्रभर तेही हवाच ओढतं. पाणी थांबलेलं असलं आणि आभाळ भरून आलं, की पहाटेला माशाला श्वास घ्यायला काही उरत नाही. हेही मला पाठ होतं. पण डाव्या पानाच्या शेवटीच वस्तादांनी मांडीवर थाप मारली, "आरं, म्हंजे खुराकच की!" आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या पडल्यावर पुढं बोलणारा माणूस मी तरी कोल्हापुरात पाहिलेला नाही. मी खाली बसलो.

भोईमामा नाव बांधून वर आला होता. त्यानं मागून विचारलं, "नदीला खत कशापायी, मास्तर? पावसाळ्यात गाळ येतोय, तेवढं बास हुतंय की तिला. उन्हाळ्यात पाणी हुबं ऱ्हातंय. हुब्या पाण्याला काय पचत न्हाय."

उजवं पान त्यानं दोन वाक्यांत सांगून टाकलं होतं. एक अक्षर न वाचता. मला याचा आनंद व्हायला हवा होता. मला राग आला. मी हसत हसत, सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "मामा, तुम्ही शाळेत किती गेलात?"

लोक हसले. तोही थोडा हसला, मान खाली घालून. हे लिहितानाही माझे कान तापलेत.

दसरा झाल्यावर खुराक सुरू झाला. अडत्यांकडून शेंगेची पेंड पोत्यांनी आली. आसपासच्या गोठ्यांतलं शेण आलं. पुढं गुऱ्हाळं लागली तशी रस उकळताना वर येणारी मळी डब्यांनी येऊ लागली. एरवी ती कुठं टाकायची हा प्रश्नच असे, आता तिला पुण्यमार्ग सापडला. वस्ताद सकाळी पोरांचे जोर-बैठका आटपून डोहावर येत आणि माशांना नावानिशी हाका मारून घालत. त्यांनी एका दांडग्या माशाला तालमीतल्या एका नामांकित पठ्ठ्याचं नाव दिलं होतं. तो पठ्ठ्या त्यामुळे काही दिवस रुसला होता.

आणि खरंच, मासे वाढले. पाण्याला छान कोवळा हिरवा रंग आला. फाल्गुनात पायरीला इतके मासे येत की पाणी दिसत नसे. कोडोलीकडून बैलगाड्या करून माणसं बघायला आली, गडहिंग्लजहून एक अख्खं वऱ्हाड एस.टी. चुकवून येऊन गेलं. मला रस्त्यात लोक थांबवून विचारू लागले, म्हशीला काय घालू, केळीला काय घालू. मी सांगतही असे. त्या पावसाळ्यात डोहातून मासळी खडकावरून इतकी खाली आली की भोयाचं जाळं फाटायला आलं.

श्रावण संपता संपता एका सकाळी तो आमच्या दारात उभा राहिला. आमच्याकडे मासे चालत नाहीत म्हणून त्यानं टोपलीत वांगी आणली होती, नदीकाठची, काटेरी देठांची. टोपली ठेवून म्हणाला, "तुमचं खरं निघालं, मास्तर. मी उगा आडवा पडलो." मग टोपली उंबऱ्याच्या आत सरकवली. "एक इचारायचं हुतं. माजा म्हेवणा इचलकरंजीत मागावर हाय. त्यो म्हणतोय, या, आता जागा हाय, मालक माझ्या ऐकण्यातला हाय. पुढं जागा मिळंल न मिळंल. नदीचा काय भरवसा, म्हणतोय. तवा पुढल्या साली बी असंच ऱ्हाईल न्हवं? जाऊ का ऱ्हाऊ?"

आत आई वांगी बघून खूष झाली होती. मी म्हणालो, "राहा. पुढल्या वर्षी याच्या दुप्पट."

तो वाकून नमस्कार करून गेला. मेव्हण्याला त्यानं नकार कळवला आणि ती जागा दुसऱ्या कुणाला गेली. मला ते त्यानंच नंतर सांगितलं, अगदी सहज.

दुसऱ्या वर्षी वस्तादांनी खुराक वाढवला. पठ्ठ्याला गेल्या वर्षीचाच खुराक यंदा घातला तर तो पुढं कसा जाणार, हा त्यांचा सवाल बिनतोड होता. त्यात नदीपलीकडच्या तालमीला हे सोसेना. देवी काय एकट्या तुमची हाय काय, म्हणत त्यांनी पलीकडच्या काठावरून आपला खुराक चालू केला. इकडून चार पोती पडली की तिकडून पाच. अडत्यांच्या वखारीत त्या साली काळा पडून पाणी सुटलेला गूळ बराच होता; तो त्यांनी मोठ्या मनानं देवीच्या माशांना अर्पण केला. एका बागाईतदारानं उसाला आणलेल्या सल्फेट खताचं पोतं आणून ओतलं. देवीच्या दारात कोणी कमी पडायला तयार नव्हतं. मासे खाऊ शकतील त्याच्या कितीतरी पट पाण्यात पडत होतं, आणि खाली तळाशी बसून कुजत होतं.

चैत्रात खडक उघडा पडला. पाणी थांबलं. पाण्याचा कोवळा हिरवा रंग जाऊन ते वाटलेल्या पालकासारखं दाट झालं आणि दुपारी त्याला वास येऊ लागला. आणि मग एका पहाटे मासे वर आले. शेकडो मासे, तोंडं पाण्याबाहेर, आ-ऊ करत. पूजा करायला आलेल्या गुरवानं आधी पाहिलं आणि तो धावत गावात गेला: काकडआरतीला मासे दर्शनाला येतात!

दुसऱ्या दिवशी टाळ-मृदंगासह दोनशे माणसं पायऱ्यांवर होती. मासे आ करत आणि लोक म्हणत, नाव घेतात, नाव घेतात. वस्तादांचं मत जरा वेगळं होतं. ते म्हणाले, "त्वांड वासत्यात, म्हंजे भूक लागलीया." आणि खुराक आणखी वाढवला.

मी त्या गर्दीत उभा होतो. मासे काय करत होते हे मला बघताक्षणी कळलं. पुस्तकातलं उजवं पान माझ्यासमोर पाण्यावर तोंड उघडून मिटत होतं.

मी बोललो नाही. त्याचं कारण सांगायला आज लाज वाटते, पण सांगतो. येत्या रविवारी डोहाकाठी माझा सत्कार ठरला होता. दोन्ही तालमींनी मिळून ठरवला होता, आणि त्या दोन तालमींनी मिळून काही ठरवल्याचं ते पहिलंच उदाहरण होतं. फेटा आला होता. नारळ आला होता. हायस्कुलाचे मुख्याध्यापक, जे मला शिक्षकांच्या खोलीत बसायला खुर्चीसुद्धा धड देत नसत, ते अध्यक्ष होते.

गुरुवारी भोई मला शाळेच्या फाटकात गाठायला आला. एवढ्या लांब तो माझ्यासाठी पहिल्यांदाच आला होता. "मास्तर, त्यास्नी भूक लागल्याली न्हाय. जीव घुसमटतोय त्यांचा. सकाळच्या पारी बगा, ऊन चढलं की जरा खाली जात्यात. चार दिस कुनाला काय बी टाकू देऊ नगा. मी सांगून कोन ऐकत न्हाय. तुमचं ऐकत्यात." त्याच्या आवाजात कधी न ऐकलेली घाई होती. डोहातले मासे गेले, तर पावसात खडकावरून खाली यायला काही उरणार नव्हतं. त्याच्या वर्षाची मासळी तिथं वर, त्या पाण्यात आ वासून उभी होती.

"रविवारी भाषणात सांगतो," मी म्हणालो. "सगळे जमलेले असतील. एकदाच नीट समजावतो."

"रविवारी," तो म्हणाला. "बरं."

शनिवारी दिवसभर आभाळ भरून राहिलं, पाऊस मात्र पडला नाही. झाडाचं पान हललं नाही. रविवारी सकाळी मी नवं धोतर नेसून डोहावर गेलो, तर मांडव लागला होता, आंब्याचे डहाळे बांधले होते, आणि मांडवासमोर डोह पांढरा झाला होता. काठापासून काठापर्यंत उलटी पोटं. फक्त काही मरळ मासे मधून मधून वर येऊन घोट घेत फिरत होते. त्यांना वरची हवा घेता येते. वस्ताद त्यांच्याकडे बघून भरल्या डोळ्यांनी म्हणाले, "ह्येंनी मेहनत केली हुती. बाकीच्यांनी नुस्तं खाल्लं."

मग आवाज चढू लागले. पलीकडच्यांनी विष घातलं. नाही, अलीकडच्यांनी. दृष्ट लागली. आणि मग कोणीतरी म्हणालं, माशाला गुंगी आणायची फळं कोणाला माहीत असतात? भोयाला. दोनशे डोकी एकदम खडकाकडे वळली. तो तिथंच उभा होता, खडकाच्या खालच्या बाजूला, आपल्या हद्दीत.

अडत्यांनी मला पुढं केलं. "मास्तर सांगतील. शास्त्र शिकल्यात. मास्तर, इख का न्हाय?"

"विष नाही," मी म्हणालो. "पाण्यातली हवा संपली."

"कशानं संपली?"

समोर वस्ताद, शेजारी अडते, मागं मुख्याध्यापक, ताटात फेटा. मला एक वाक्य बोलायचं होतं. ते वाक्य मला कॉलेजपासून येत होतं.

"उन्हानं," मी म्हणालो.

लोकांना ते पटलं. ऊन कोणाच्याही तालमीचं नसतं. भोयावरचं बालंट टळलं याचं मला तेव्हा इतकं समाधान वाटलं की आपण चांगलंच वागलो असं मी मनात ठरवूनही टाकलं. सत्कार पुढं ढकलण्यात आला.

मेलेले मासे काढायचे कोणी, हा प्रश्न आला. देवीचे मासे; जिवंत असताना पुण्य होतं, मेल्यावर विटाळ झाला. सगळ्यांनी भोयाला हाक मारली. तो खडक ओलांडून वर आला, पायऱ्यांवर चप्पल काढावी तसा क्षणभर थबकला, देवळाकडे हात जोडले आणि डोहात पहिल्यांदा जाळं टाकलं. दुपारपर्यंत ओढत होता. मी मदतीला धोतर खोचून पाण्यात उतरलो, तर म्हणाला, "ऱ्हावू द्या, मास्तर. तुमच्याकडं चालत न्हाय." मासे गाड्यांत भरून अडत्यांच्या उसात पुरले. त्या साली तो ऊस बघायला माणसं आली. अडते सगळ्यांना सांगत, खताला मास्तरांचं शास्त्र लागू पडतंय बगा.

पावसाळा आला. नदी खडकावरून खाली गेली, गढूळ आणि रिकामी. भोयानं श्रावणभर जाळं टाकलं आणि काडीकचरा काढला. मी त्या बाजूला फिरायला जाणं बंद केलं होतं. भाद्रपदात कळलं, भोई आणि त्याची बायको इचलकरंजीला निघालेत. मेव्हण्यानं हातापाया पडून कुठंतरी रात्रपाळीची जागा मिळवली होती, पहिल्या जागेपेक्षा कितीतरी हलकी. मग मात्र मला राहवेना.

मी गेलो तेव्हा त्याची बायको बोचकं बांधत होती. ती माझ्याशी कधी बोललेली नव्हती. त्यानं घोंगडं टाकलं, मी बसलो नाही. उभ्यानंच सांगितलं. ऊन नव्हतं, मामा. खुराकानंच मेले. मला ते आधीपासून माहीत होतं. पुस्तकात होतं. मोठ्या धैर्यानं बोललो असं मला वाटलं. आता तो काहीतरी मोकळं, मोठ्या मनाचं बोलेल आणि मी हलका होऊन घरी जाईन, असा माझा हिशेब होता.

त्यानं टाकलेलं घोंगडं पुन्हा गुंडाळायला घेतलं. बायकोनं गाठ मारता मारता मान वर केली.

"ठावं हुतं," ती म्हणाली, "आन् आमास्नी ऱ्हावा म्हटलासा?"

"ए, गप," तो तिच्यावर खेकसला. "मास्तर हायत त्ये." मग माझ्याकडे वळला, नेहमीसारखा, आदबीनं, खरंच उत्तर हवं असल्यासारखा. "बरं झालं तुमी आलासा. इचारायचंच हुतं. मागाच्या खोलीत कापसाची धूळ लई उडती म्हणं. दारं-खिडक्या उघडत न्हाईत. छातीला काय करत न्हाय न्हवं ती?"

तेही मला माहीत होतं.

"करते," मी म्हणालो.

त्यानं मान हलवली. बायकोकडे बघितलं. तिनं बोचकं उचलून डोक्यावर घेतलं, आणि दोघं एस.टी. स्टँडच्या वाटेला लागली.